रामदास : एक नांव, अनेक पुरुष

इतिहासांत एकच नांव धारण करणारीं अनेक माणसें आढळतात. बहुतेक ठिकाणीं हा केवळ योगायोग असतो. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल असलेल्या घराण्यांत तर तो टळतच नाहीं. परंतु कांहीं नांवें पाळण्यांत ठेवलेलीं नसतात. जाणत्या वयांत तीं मुद्दाम स्वीकारलेलीं असतात. ‘रामदास’ हें अशांपैकीं एक. आपली स्वतंत्र ओळख मागें सारावी आणि स्वामीच्या नांवानेंच ओळखलें जावें, ही तें घेणाऱ्यांची इच्छा. ती इतकी सफळ झाली कीं, एका रामदासापासून दुसरा निराळा काढणें पुढील पिढ्यांस कष्टाचें झालें.

महाराष्ट्रांत रामदास म्हटलें कीं दासबोधकर्ते समर्थच आठवतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें त्यांचें जन्मगांव. सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं शके १५३० च्या रामनवमीस, म्हणजे इ. स. १६०८ मध्यें, त्यांचा जन्म झाला. घरचें नांव नारायण. बाराव्या वर्षीं ते लग्नमंडपांतून निघून गेले, नाशिकजवळ टाकळीस त्यांनीं बारा वर्षें तप केलें आणि पुढें बारा वर्षें तीर्थाटन केलें, असें परंपरा सांगते. इ. स. १६४८ मध्यें त्यांनीं चाफळास रामाची स्थापना केली आणि इ. स. १६८२ मध्यें सज्जनगडावर देह ठेवला.

पण जांबच्या त्याच घरांत आणखी एक रामदास होते, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. समर्थांचे वडील बंधु गंगाधरपंत यांना संप्रदायांत ‘श्रेष्ठ’ म्हणतात. त्यांचें दुसरें नांव ‘रामीरामदास’. धाकटा भाऊ घर सोडून गेल्यावर यांनीं जांबेस राहून प्रपंच सांभाळला, वृद्ध मातेची सेवा केली आणि घराण्याची रामोपासना चालविली. ‘भक्तिरहस्य’ व ‘सुलभोपाय’ हे ग्रंथ त्यांचे म्हणून प्रसिद्ध आहेत. एकानें संसार टाकून रामाचें दास्य केलें, दुसऱ्यानें तो सांभाळून केलें. कीर्ति मात्र पहिल्याच्याच वांट्यास आली.

येथेंच अभ्यासकाची अडचण सुरू होते. जुन्या मराठी कवितेंत कवि आपलें नांव रचनेच्या शेवटीं गुंफीत असे. त्यास मुद्रा म्हणतात. मुद्रा ही एका परीनें कवीची सही. पण सही करणारे दोघे एकाच नांवाचे असतील तर ती पुरावा म्हणून अपुरी पडते. शिवाय पदें तोंडोतोंडीं फिरत. गाणारा रामदासी भक्त ‘रामीरामदास’ आणि ‘रामदास’ यांत भेद करीलच असें नाहीं. उतरून घेणारा तर अधिक परिचित नांवाकडेच झुकणार. मोठ्या नांवाकडे लहानांची रचना अशी नकळत ओढली जाते. विष्णुदास नामा हा स्वतंत्र कवि असूनही त्याच्या रचना नामदेवांच्या म्हणून गायिल्या गेल्या, त्याचें कारणही हेंच.

मग निवाडा कसा करावयाचा? पहिला आधार हस्तलिखिताचा. तें कोणीं लिहिलें, कोठें लिहिलें व केव्हां लिहिलें, हें पाहावें लागतें. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठोमठीं हिंडून रामदासी बाडें गोळा केलीं, तीं याचसाठीं मोलाचीं. समर्थशिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची डोमगांवच्या मठांतील दासबोधाची प्रत ही अशा भक्कम आधाराचें उत्तम उदाहरण. दुसरा आधार भाषेचा, तिसरा विचारसरणीचा. नुसतें नांव या सर्वांच्या मागून येतें.

जांबच्या खालीं गोदावरीच्या प्रवाहाबरोबर गेलें तर तेलुगु मुलखांत तिसरे रामदास भेटतात. समर्थांच्याच काळांत कंचर्ल गोपन्ना हे गोवळकोंड्याच्या कुतुबशाहींत पाल्वंच्याचे तहसीलदार होते. त्यांनीं सरकारी वसुलाचा पैसा भद्राचलम् येथील राममंदिरास लावला, म्हणून तानाशहानें त्यांस गोवळकोंड्याच्या किल्ल्यांत कोंडलें. त्यांचीं तेलुगु कीर्तनें आजही गायिलीं जातात आणि लोक त्यांना भद्राचल रामदास म्हणतात. याच तानाशहाची भेट घेण्यास शिवाजीमहाराज इ. स. १६७७ मध्यें भागानगरास गेले होते. एका नदीच्या खोऱ्यांत, एका काळांत, एकाच देवाचे हे दास. पण एकाचा ग्रंथ मराठी, दुसऱ्याचें गाणें तेलुगु.

चौथे रामदास उत्तरेकडील. नांदेडहून अमृतसरास जाणारी सचखंड एक्सप्रेस जालन्यास थांबते. ती ज्या नगरीस जाते, तिचा पाया गुरु रामदास यांनीं घातला, म्हणून तिचें पहिलें नांव रामदासपूर. लाहोरास इ. स. १५३४ मध्यें जन्मलेले हे शिखांचे चौथे गुरु इ. स. १५८१ मध्यें, म्हणजे समर्थांच्या जन्माच्या सत्तावीस वर्षें आधीं, निवर्तले. त्यांचें पूर्वीचें नांव जेठा, म्हणजे ज्येष्ठ. जांबच्या ‘श्रेष्ठां’शीं हें साम्य मौजेचें आहे. मात्र त्यांचा राम धनुर्धारी दाशरथि नव्हे; तो निर्गुण, निराकार परमेश्वर. नांव एक असलें तरी त्यांतील देवसुद्धां एक असेलच असें नाहीं.

अलीकडच्या काळांत केरळांतील कान्हनगड येथें इ. स. १८८४ मध्यें जन्मलेल्या विठ्ठलराव नांवाच्या गृहस्थांनींही संसार सोडून हेंच नांव घेतलें आणि इ. स. १९३१ मध्यें आनंदाश्रम स्थापिला. ते स्वतःविषयीं बोलतांना ‘मी’ न म्हणतां ‘रामदास’ म्हणत. ‘मी’ विसरावा यासाठींच हें नांव असतें, हें त्यांच्या या संवयीवरून स्पष्ट दिसतें.

‘मी’ विसरणें हा साधकाचा धर्म होय. परंतु इतिहासकारानें त्यास विसरून चालत नाहीं. एखाद्या पदाच्या शेवटीं ‘रामदास’ दिसतांच तें समर्थांचें ठरविणें सोपें आहे, पण तेवढ्यानें जांबेस राहून घर राखणाऱ्या वडील बंधूच्या पदरचें कांहीं काढून घेतलें जाण्याचा संभव असतो. प्रत, काळ, भाषा आणि विचार पाहून ज्याचें त्यास देणें, एवढाच न्याय या नांवाच्या पुरुषांस आतां देतां येण्यासारखा आहे.