निर्वासित एकदा, अर्ज दुसऱ्यांदा

ग्रीसने निर्वासित म्हणून मान्यता दिली की माणूस युरोपात कुठेही संसार थाटायला मोकळा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्या कागदांवर शेंगेन देशांत 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहता येतं. कामाचा आणि भत्त्याचा हक्क ग्रीसपुरताच. दुसरीकडे रीतसर बस्तान हलवायचं तर साधारण पाच वर्षं तिथेच काढून दीर्घकालीन रहिवासी परवाना मिळवावा लागतो, आणि त्याला नियमित उत्पन्न लागतं.

मग थेट जर्मनी गाठून पुन्हा आश्रय मागितला तर? ‘डब्लिन नियमाखाली परत पाठवतात’ हे उत्तर सर्रास ऐकू येतं. पण 2013 ची डब्लिन नियमावली आहे ती अर्जाचा निकाल लागायचा असलेल्यांसाठी. ज्याला आधीच दर्जा मिळालाय, त्याचा अर्ज त्याच वर्षीच्या आश्रयप्रक्रिया निर्देशाच्या कलम 33 नुसार, छळाची कहाणी न ऐकताच, अग्राह्य ठरवता येतो. ठरवता येतो, ठरवलाच पाहिजे असं नाही. सगळी कोर्टबाजी चालते ती इथे.

‘सुरक्षित देश सोडून आला, म्हणजे भत्त्यासाठीच आला’ हा आरोप तर ठरलेलाच. ग्रीसमध्ये दर्जा मिळाल्यावर काय होतं ते बघा. 2020 च्या कायद्याने मान्यता मिळालेल्यांना निवारा सोडायला 30 दिवसांची मुदत दिली. घर भाड्याने घ्यायचं तर करक्रमांक हवा, म्हणजे आपल्या पॅनसारखा. तो काढायचा तर पत्त्याचा पुरावा हवा. पत्ता कुठला, घरच नाही! हेलिओस योजनेत भाड्याला मदत मिळायची, पण त्यासाठी आधी भाडेकरार आणि बँक खातं दाखवावं लागे. दर्जा खरा, पण त्यावर रात्र काढता येत नाही.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने 19 मार्च 2019 रोजी सांगितलं, की परत पाठवल्यावर माणूस स्वतःचा दोष नसताना टोकाच्या हलाखीत पडणार असेल, तर त्याचा अर्ज असा दारातूनच परतवता येणार नाही. जर्मन कोर्टांत हा निकष ‘बिछाना, पाव, साबण’ या नावाने ओळखला जातो. त्याच्याच आधारे जानेवारी 2021 मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ग्रीसला पाठवणी रोखली.

अर्ज ग्राह्य ठरला की दर्जा आपोआप मिळतो, हीही भाबडी समजूत. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्याच 18 जून 2024 च्या निकालानुसार ग्रीसचा निर्णय जर्मनीवर बंधनकारक नाही. तो पूर्णपणे विचारात घ्यावा लागतो, पण तपासणी नव्याने होते आणि नकारही मिळू शकतो.

वाराही एकाच दिशेने वाहत नाही. 16 एप्रिल 2025 रोजी लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने एकट्या, धडधाकट, काम करू शकणाऱ्या पुरुषांना ग्रीसला परत पाठवण्यास मोकळीक दिली. लहान मुलं असलेली कुटुंबं आणि आजारी माणसं त्या निकालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची परिस्थिती वेगळी तपासावी लागते.