बोटॉक्सची सुई : असर चार महिने, हप्ता बारा महिने



गेल्या महिन्यात विहारात रविवारची वंदना आटोपली, चटया गोळा झाल्या, तरी एक ताई दाराशी घोटाळत होत्या. जवळ येऊन त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात एका क्लिनिकची जाहिरात होती : ‘बोटॉक्स 5,999 रुपयांपासून, सोप्या हप्त्यांत’. ताई म्हणाल्या, ‘‘हे घेऊ का? अंगठी ठेवली तर होतंय माझं.’’

खरे सांगायचे तर आम्हाला आधी हसू आले, आणि ते चुकले. ताईंचे वय 41. मॉलमध्ये क्रीम-पावडरच्या काउंटरवर उभ्या असतात, पगार 16,000. सुपरवायझरने दोनदा टोकले, की चेहरा थकलेला दिसतो, कपाळाला कायम आठी असते. त्यांच्या बरोबरीच्या एकीला असेच बोलून-बोलून गोडाऊनला पाठवले होते, तिथे कमिशन नाही. म्हणजे ताईंना नटण्याची हौस आली नव्हती, पोटाची काळजी लागली होती. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे. सुई घ्यावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पैसे कुठे आणि किती जातात, ते मात्र सगळ्यांना कळले पाहिजे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. बोटॉक्स हे एका कंपनीचे ब्रँडनाव आहे. औषधाचे नाव बोटुलिनम टॉक्सिन. एका जिवाणूपासून निघणारे हे जहाल विष अत्यंत सूक्ष्म मात्रेत औषध म्हणून वापरतात. सुई दिलेल्या जागी मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नाही, स्नायू सैल पडतो आणि त्यावरच्या कातडीची घडी उलगडते. असर तीन-चार दिवसांत दिसू लागतो, पुरता दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि साधारण तीन ते चार महिन्यांत तो ओसरतो. कपाळ आखडल्यावर किंवा हसल्यावर ज्या रेषा उमटतात त्यांच्यावर याचा उपयोग होतो. चेहरा स्वस्थ असतानाही खोल दिसणाऱ्या जुन्या रेषा पुरत्या जात नाहीत. वांग, काळे डाग, मुरमांचे खड्डे यांच्याशी तर या सुईचा संबंधच नाही. आपल्या वस्तीत सुरकुत्यांपेक्षा वांगाची तक्रार जास्त, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणखी एक घोटाळा. पार्लरमध्ये ‘हेअर बोटॉक्स’ म्हणून केसांना काहीतरी लावतात. त्यात हे औषध नसते. केस गुळगुळीत करण्याचा तो लेप आहे, नाव तेवढे उसने घेतलेले. एका भगिनीने केसांचे ते करून घेतले आणि सुरकुत्या कधी जातील म्हणून आठवडाभर आरशात पाहिले!

आता पैशांकडे येऊ. हे औषध युनिटवर मोजतात. रिक्षाचे जसे मीटर, तसे याचे युनिट. बोटॉक्सच्या माहितीपत्रकात दोन भुवयांच्या मधल्या आठीसाठी 20 युनिट, डोळ्यांच्या दोन्ही कडांसाठी मिळून 24 आणि कपाळाच्या आडव्या रेषांसाठी 20 असे प्रमाण दिले आहे. डॉक्टर चेहरा पाहून ते कमी-जास्त करतात. समजा, युनिटचा भाव 300 रुपये आहे. एकट्या आठीचे 6,000 होतात. तिन्ही जागांचे 64 युनिट, म्हणजे 19,200 रुपये. जाहिरातीतला ‘पासून’ हा शब्द इथे कामाला येतो : 5,999 एका जागेचे असतात, आणि खुर्चीत बसल्यावर ‘एवढंच केलं तर चेहरा विचित्र दिसेल’ म्हणून बाकीच्या जागा सुचवल्या जातात. तपासणी फी वेगळी, जीएसटी वेगळा, दोन आठवड्यांनी ‘टच-अप’ लागला तर तोही बहुधा वेगळा. घरून निघण्याआधी फोनवर विचारा : भाव युनिटवर की जागेवर, किती युनिट देणार, औषधाचे नाव काय, आणि सगळे धरून हातात बिल कितीचे येईल? औषधाचे नाव विचारायचे कारण असे, की वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिट सारखे नसतात. एकाचे 20 ते दुसऱ्याचे 50 असू शकतात. नुसता युनिटचा भाव ऐकून ‘इथे स्वस्त आहे’ म्हणू नये.

यापुढची गोष्ट जाहिरातीत नसते. चार महिन्यांनी पुन्हा तेच. वर्षातून तीनदा म्हटले तर एकट्या आठीचे 18,000, तिन्ही जागांचे 57,600. ताईंच्या पगारात बसवून पाहिले, तर साडेतीन महिन्यांहून जास्त पगार. मेडिक्लेममध्ये सौंदर्याचे उपचार धरत नाहीत, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही ते बसत नाहीत. सगळा भार स्वतःच्या खिशावर.

हप्त्याचा हिशेब आम्ही ताईंसमोर वहीच्या पाठीवर मांडला. 19,200 रुपये बारा महिन्यांत फेडायचे तर महिना 1,600. जमेल असे वाटते. पण चौथ्या महिन्यात असर ओसरतो, तेव्हा फेडलेले असतात 6,400 आणि राहिलेले 12,800. आठी परत आली म्हणून दुसरी सुई घेतली की दुसरा हप्ता चालू, महिना 3,200. नवव्या महिन्यात तिसरी सुई, तिसरा हप्ता, महिना 4,800. पुढे पहिला हप्ता सुटतो तोवर चौथी सुई आलेली असते, म्हणजे 4,800 काही खाली येत नाहीत. आणि हे ‘बिनव्याजी’ धरून. प्रोसेसिंग फी, हप्ता चुकला तर दंड, हे त्यावर. मिक्सर हप्त्यावर घेतला तर हप्ता संपल्यावर मिक्सर घरात राहतो. इथे वस्तू आधी संपते. अंगठी गहाण ठेवून किंवा बचत गटाच्या कर्जातून ही सुई घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घ्यायचीच असेल तर पैसे आधी साठवावेत, एकाच जागेची घ्यावी आणि एकदा घेऊन पाहावे. मध्येच थांबले म्हणून काही बिघडत नाही. ‘बंद केलं की चेहरा लोंबतो’ असे सांगून गिऱ्हाईक बांधून ठेवतात. तसे होत नाही, रेषा होत्या तशा परत येतात, एवढेच.

स्वस्तात मिळते म्हणून पार्लरमध्ये किंवा कोणाच्या घरी जाऊन सुई टोचून घेणे मात्र जिवावर बेतू शकते. हे डॉक्टरने द्यायचे औषध आहे, शक्यतो त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्यावे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारण्यात लाज कसली? औषध पावडरच्या रूपात छोट्या बाटलीत येते, फ्रीजमध्ये ठेवावे लागते आणि सलाईनच्या पाण्यात कालवून देतात. पाणी जास्त घातले की तेच औषध चार जणांऐवजी सहा जणांना पुरते, आणि असर लवकर ओसरतो. म्हणून बाटली आणि खोका पाहायला मागा, नाव, बॅच नंबर आणि मुदत वाचा, शक्य तर मोबाईलवर फोटो काढा. बिलावर औषधाचे नाव आणि युनिट लिहून घ्या. यात टाळाटाळ झाली तर उठून यावे.

गरोदर बायांनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी ही सुई घेऊ नये. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, टीबीसाठी अमिकासिनची इंजेक्शने चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगणे फार गरजेचे आहे. डोके दुखणे, सुईच्या जागी निळे पडणे हे होते आणि जाते. कधी पापणी खाली लोंबते, ती काही आठवड्यांत वर येते. पण गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, मग ते त्याच दिवशी असो की काही आठवड्यांनी, तर क्लिनिकला फोन लावत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्याचा अपघात विभाग गाठा आणि कोणती सुई कधी घेतली ते सांगा.

याच औषधाची दुसरी बाजूही आहे. लकव्यानंतर हात घट्ट आखडलेला माणूस, सेरेब्रल पाल्सीमुळे पाय ताठ झालेले मूल, मान एका बाजूला वळून राहणारा आजार, यांत ही सुई खरोखरीचा उपचार आहे. तिथे ‘ही तर श्रीमंतांची सुई’ म्हणून नाकारू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकार विभागात विचारा, आणि खर्चाचा प्रश्न आला तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मेडिक्लेमवाल्यांनी असा दावा ‘सौंदर्याचा’ म्हणून फेटाळला, तर कारण लेखी मागा.

ताईंशी बोलताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली होती. त्या मोबाईल हात लांब करून, कपाळ आखडून वाचत होत्या. काउंटरवरही दिवसभर बारीक अक्षरांतले भाव असेच वाचतात. चाळिशी लागली होती! पुढच्या आठवड्यात पालिकेच्या दवाखान्यात डोळे तपासले, चष्मा काही शे रुपयांत झाला. आठी अजून आहे, पण सारखी नसते. सुपरवायझर आता चष्म्यावरून बोलतो. ताईंनी सुईचा विचार सोडलेला नाही. डाळीच्या डब्यामागे एका बरणीत महिना 500 टाकतात, आणि वर्षाने 6,000 झाले की तेव्हा पाहू म्हणतात. अंगठी बोटातच आहे.