सार्वजनिक वाहतूक प्रकल्पांचे शासकीय मूल्यमापन : घुग्घुसच्या रेल्वे फाटकाच्या संदर्भात

प्रस्तावना :
चंद्रपूर-वणी मार्गावरील घुग्घुस हे कोळसा, सिमेंट व लोहउद्योगाचे शहर होय. ताडाळीहून येणारा रेल्वेमार्ग येथील कोळसा वाहून नेतो. मालगाडी आली की फाटक बंद होते आणि एस.टी. बस, रुग्णवाहिका, कोळशाचे ट्रक, सायकलवरील कामगार व पायी जाणारे विद्यार्थी एकत्रच थांबतात. अशा ठिकाणी उड्डाणपूल आवश्यक आहे की नाही, हे शासन कोणत्या आधारे ठरवते आणि त्या पद्धतीत कोणती सुधारणा व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजणीचे एकक :
फाटकाऐवजी पूल बांधण्यासाठी रेल्वेने दीर्घकाळ ‘ट्रेन व्हेईकल युनिट’ हे परिमाण वापरले आहे. चोवीस तासांतील रेल्वेगाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची एकके यांचा हा गुणाकार होय. तो १ लाखावर गेल्यास रेल्वे व राज्य शासन यांनी खर्च वाटून घेऊन पूल बांधण्यास ते फाटक पात्र ठरते. यात मोटारवाहनास १, ऑटोरिक्षास अर्धे व दुचाकीस पाव एकक धरले जाते. पादचाऱ्याची गणना होत नाही.

ही पद्धत सोपी आहे. परंतु ती वाहने मोजते, माणसे नव्हे. समजा, फाटक १५ मिनिटे बंद राहिले. ४० प्रवाशांच्या बसमधील लोकांचे एकूण १० तास वाया जातात, तर दोन माणसांच्या ट्रकमधील अर्धा तास. गणनेत मात्र दोन्ही वाहने समान. तसेच संथ चालणारी कोळशाची मालगाडी व वेगाने निघून जाणारी प्रवासी गाडी यांनाही समान महत्त्व मिळते. फाटक प्रत्यक्षात किती वेळ बंद राहिले, हे गुणाकारात उतरत नाही.

परताव्याचा निकष :
एककाचा हा प्रश्न फाटकापुरता मर्यादित नाही. नव्या रेल्वेमार्गासाठी दीर्घकाळ १४ टक्के परतावा हा व्यवहार्यतेचा निकष मानला गेला. हा परतावा मुख्यतः रेल्वेच्या उत्पन्नावर आधारित असतो. वनव्याप्त जिल्ह्यात आज वाहतूक कमी, म्हणून परतावा कमी. आणि मार्ग नाही, म्हणून वाहतूक कमी, असे हे दुष्टचक्र आहे. सुमारे ५२ किलोमीटरच्या वडसा-गडचिरोली मार्गाचा खर्च केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलण्याचे ठरले. २०२२ मध्ये त्याची सुधारित किंमत १,०९६ कोटी रुपयांवर गेली होती. विलंबाचीही किंमत मोजावी लागते, ती अशी.

याउलट, केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने केवळ वित्तीय परताव्याऐवजी १४ टक्के आर्थिक परताव्याचा, म्हणजे समाजास होणाऱ्या लाभाचा निकष स्वीकारला व पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास अनिवार्य केला. जो विचार महानगरांसाठी मान्य झाला, तो घुग्घुस-गडचिरोलीसाठी अमान्य का असावा?

सुधारणेच्या दिशा :
१) वाहनांऐवजी व्यक्ती-तास मोजावेत; पादचारी व सायकलस्वार त्यात यावेत.
२) वेळेचे मूल्य व्यक्तीच्या उत्पन्नावरून ठरवू नये; अन्यथा मजुराचा तास स्वस्त ठरतो. ब्रिटनमध्ये कामाव्यतिरिक्तच्या प्रवासासाठी राष्ट्रीय सरासरी मूल्य वापरले जाते.
३) उड्डाणपूल, भुयारी मार्ग, मालगाड्यांच्या वेळांत बदल अशा पर्यायांची तुलना व्हावी.
४) प्रकल्पानंतर अंदाज पडताळावेत. बेंट फ्लिवबर्ग व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतील २१० प्रकल्प तपासले, तेव्हा दर दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासीसंख्येचा अंदाज फुगलेला आढळला. म्हणजेच मागास भागासाठीही लाभ फुगवून सांगणे समर्थनीय नाही.

समारोप :
सारांश, मूल्यमापनातील एकक निवडतानाच कोणाचा वेळ मोलाचा, हे ठरून जाते. त्यादृष्टीने परिसरातील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांच्या साह्याने फाटक बंद राहण्याचा काळ व थांबलेल्या व्यक्तींची संख्या आठवडाभर नोंदवावी. यास मोठा निधी लागत नाही. अशी नोंद हाती असल्यास स्थानिक मागणीला निवेदनापलीकडे पुराव्याचे बळ प्राप्त होईल.