खंदकांतली माणसं (लेखांक ७) : शत्रूच्या देशावर जीव असलेला कॅप्टन

मागच्या आठवड्यात पहिल्या महायुद्धातल्या लूसच्या लढाईचा नकाशा पाहिला. कोळशाच्या खाणी, खाणीतल्या राबिटाचे काळे डोंगर आणि मधली सपाट, आडोसा नसलेली जमीन. आज त्याच नकाशावरचा एक माणूस घेऊ. लढाईच्या इतिहासात त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येईल. तरी १९१५ सालचा तरुण ब्रिटिश अधिकारी नेमका कसा होता, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाकडून कळत नाही.

चार्ल्स हॅमिल्टन सॉर्ली १९ मे १८९५ रोजी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जन्मला, जुळ्या भावासह. वडील नीतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना केंब्रिजमध्ये जागा मिळाली आणि १९०० साली बिऱ्हाड इंग्लंडला आलं. पोरगा मार्लबरोच्या निवासी शाळेत शिकला, भर पावसात माळरानावरून धावायचा, कविता करायचा. ऑक्सफर्डची शिष्यवृत्तीही मिळाली. पण तिथे जाण्याआधी काही महिने जर्मनीत काढायचं ठरलं. १९१४च्या सुरुवातीला तो श्वेरीनला एका कुटुंबात राहून जर्मन शिकला, मग येना विद्यापीठात गेला. तिथली माणसं, तिथलं वाङ्मय, तिथल्या लोकांचा कामातला जीव, सगळंच त्याला भावलं. ऑगस्ट उजाडला, महायुद्ध पेटलं, तेव्हा तो एका मित्राबरोबर मोझेल नदीच्या खोऱ्यात पायी भटकत होता. ट्रियर गावी दोघांना अटक झाली, काही तास कोठडीत ठेवून सोडून दिलं. मजल दरमजल करत तो घरी पोचला आणि लगेच सैन्यात अर्ज केला.

आता इथे जरा थांबू. जर्मनीवर जीव, सरकारी घोषणांचा तिटकारा, आणि तरी पहिल्याच महिन्यात वर्दी! याचं उत्तर त्याने स्वतःच एका पत्रात दिलंय, आणि ते स्वतःला अजिबात न जपता. लोकमताच्या गाड्याखाली माणूस किडा होतो, असं तो म्हणतो. आपण लढायला निघालो हाही भित्रेपणाच, फक्त जरा सुसंस्कृत, असा त्याचा निवाडा. वय एकोणीस!

पलटण मिळाली ती स्कॉटिश नव्हे, इंग्लंडच्या एका जिल्ह्याची: सफक रेजिमेंटची सातवी बटालियन. युद्धमंत्री किचनर यांच्या हाकेला ओ देऊन आलेल्या स्वयंसेवकांची ही नवी फौज. तिला शिपाई रग्गड मिळाले, अधिकारी मिळेनात. मग ज्या शाळांत पोरांना कवायत शिकवत, तिथल्या मुलांना सरळ सेकंड लेफ्टनंट केलं गेलं. पन्नासएक माणसांची प्लाटून, त्यात बापाच्या वयाचेही काही, आणि पुढे हा मिसरूड फुटलेला साहेब. सगळा हिवाळा कवायतीत गेला. सॉर्ली पत्रांतून कंटाळल्याच्या तक्रारी करत राहिला.

याच काळात, एप्रिल १९१५मध्ये, रूपर्ट ब्रूक हा कवी मोहिमेवर जाताना जंतुसंसर्गाने वारला आणि सारं इंग्लंड हळहळलं. सॉर्लीने आईला लिहिलं ते भलतंच. ब्रूकला स्वतःच्या त्यागाचं फार कौतुक होतं, असं त्याचं म्हणणं. परिस्थितीनेच जे करायला लावलं, ते काहीतरी थोर म्हणून मिरवायचं कशाला? त्या आठवड्यात असं कागदावर लिहिणारे फार नसतील.

मे महिन्याच्या अखेरीस बटालियन फ्रान्समध्ये उतरली. पुढचे महिने बेल्जियमच्या सीमेवर, प्लुगस्टर्टच्या आसपास गेले. मोठी लढाई नाही, पण रोजचं काम संपत नसे. काही दिवस पुढच्या खंदकात, काही दिवस मागे, पुन्हा पुढे. धाकट्या अधिकाऱ्याने शिपायांचे पाय तपासायचे, कारण ओल्या बुटांत पाय सडत. शिपायांची पत्रं वाचून त्यातली गावांची नावं खोडायची. रात्री तारा दुरुस्त करायच्या, कधी दोन्ही खंदकांच्या मधल्या पट्ट्यात पोटावर सरपटत जाऊन पलीकडची चाहूल घ्यायची. पलीकडे होते तेच लोक, ज्यांच्या घरात तो वर्षभरापूर्वी पाहुणा होता. ऑगस्टमध्ये तो कॅप्टन झाला. नीट काम न करणाऱ्याला अशी बढती देत नाहीत, एवढं यातून समजून घ्यावं.

लूसची लढाई २५ सप्टेंबरला सुरू झाली. जमीन हल्ल्याला वाईट आहे, हे ब्रिटिश सेनापती हेग यांनी आधीच सांगितलं होतं. तोफगोळेही पुरेसे नव्हते. पण फ्रेंचांचा आग्रह आणि किचनर यांचा होकार. ब्रिटिशांनी पहिल्यांदा विषारी वायू वापरला तो इथेच, आणि काही ठिकाणी वारा फिरून तो त्यांच्याच खंदकांत आला. पहिल्या दिवशी दोन स्कॉटिश डिव्हिजनांची अपरिमित हानी झाली. सॉर्लीची बटालियन नंतर आली. १३ ऑक्टोबरला उलुक गावाजवळ शेवटचा मोठा हल्ला झाला, त्यात एका नेमबाजाची गोळी त्याच्या डोक्यात लागली. वय वीस. मृतदेह पुढे सापडला नाही. लूसच्या स्मारकावर वीस हजारांहून अधिक बेपत्तांमध्ये त्याचंही नाव कोरलेलं आहे.

सामानात एक सुनीत निघालं. मेलेल्यांची स्तुती करू नका, त्यांना आता ऐकू येत नाही, असा त्याचा आशय. जानेवारी १९१६मध्ये कवितांचं पुस्तक निघालं, १९१९मध्ये पत्रं. कवी रॉबर्ट ग्रेव्हजने त्याची थोरवी ओळखली, तोही लूसला लढला होता. १९८५मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पहिल्या महायुद्धाच्या सोळा कवींची नावं एका शिळेवर कोरली, त्यात सॉर्ली आहे. ब्रूकही आहे.

हल्ली त्याला युद्धविरोधी कवी म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्याने घोषणांना विरोध केला, शत्रूच्या द्वेषाला विरोध केला, पण नेमून दिलेलं काम टाळलं नाही आणि बढतीही नाकारली नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, आणि आपण मारतोय ती माणसं कशी आहेत हे त्याला ठाऊक होतं. त्याची पत्रं कवितांच्या आधी वाचावीत, असं माझं मत.

लढाई सुरू झाली त्याच २५ सप्टेंबरला, लूसच्या थोडं उत्तरेला, जर्मनांचं लक्ष विचलित करण्यासाठी आपल्या मेरठ डिव्हिजनला पुढे धाडलं होतं. तिथे काय झालं, ते पुढच्या लेखांकात.