जुन्या लहान ट्रॅक्टरास सपाटीचें पातें : जोडणी व उपयोग

शेताचा उंचसखलपणा मोडणें हें काम आपल्या लोकांस नवें नाहीं. बैलांमागें केणी लावून उंचवट्याची माती खोलगट जागीं ओढून नेणें, आणि पेरणीपूर्वीं मैंद किंवा फळी फिरवून रान सारखें करणें, हें आपले वाडवडील करीत आले आहेत. आतां बैलजोड्या कमी झाल्या, आणि पुष्कळ शेतकऱ्यांच्या गोठ्याशेजारीं एखादा जुना लहान ट्रॅक्टर उभा असतो. नवें यंत्र घरीं आलें म्हणजे हा जुना अडगळींत पडतो. अशा ट्रॅक्टरामागें सपाटीचें पातें, ज्यास ग्रेडर ब्लेड म्हणतात, जोडलें तर शेताची वाट, खळें, पाटाचा काठ व वाफ्यांची जागा सारखी करण्यास तो अजून कित्येक वर्षें उपयोगीं पडतो. परंतु पातें चुकीच्या रीतीनें जोडलें किंवा हांवेनें चालविलें तर यंत्र मोडतें, जमीन बिघडते, आणि कधीं कधीं माणूसहि दगावतो. म्हणून या औजाराची रीत नीट समजून घेणें अवश्य आहे.

लहान ट्रॅक्टरास पातें जोडण्याची चाल विशेषेंकरून अमेरिकेंत वाढली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें घराभोंवतीं मोठी मोकळी जागा राखणाऱ्या लोकांसाठीं बागेचे लहान ट्रॅक्टर निघूं लागले. व्हील हॉर्स हा कारखाना १९४६ सालीं सुरू झाला; इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीनें १९६१ सालीं ७ अश्वशक्तीचा कब कॅडेट काढला; आणि जॉन डीअर कंपनीचा ११० क्रमांकाचा ट्रॅक्टर १९६३ सालीं आला. बर्फ लोटण्यास पुढें पातें आणि खडीची वाट सारखी करण्यास मागें पातें, अशी तेथें वहिवाट पडली. हौशी लोक हीं जुनीं यंत्रें अजून जपून चालवितात. आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबांच्या बागांतून फिरणारे १५ ते २० अश्वशक्तीचे ट्रॅक्टर त्यांहून थोरले असतात, तरी पात्याचे नियम दोहोंस सारखेच लागू पडतात. कारण दोहोंची अडचण एकच, ती म्हणजे वजन कमी.

पात्याचें काम कोणतें

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, पातें हें माती खणण्याचें औजार नव्हे. सुटी झालेली माती सरकविण्याचें औजार आहे. कुळवाचें काम निराळें व केणीचें काम निराळें, हें जसें आपण जाणतों तसेंच हें आहे. कठीण भुईंत पातें रोवलें कीं चाकें जागच्या जागीं फिरतात, टायर झिजतो, क्लच तापतो आणि सांध्यांस चिरा पडतात. इंजिनांत जोर आहे म्हणून पातें चालत नाहीं. मागच्या चाकांची पकड जितकी, तितकीच माती पातें ओढूं शकतें. म्हणून आधीं कल्टिव्हेटर किंवा नांगर फिरवून उंचवट्याची माती सैल करावी, आणि नंतर पातें लावावें.

चाकांची पकड वाढविण्यास मागच्या टायरांत पाणी भरण्याची रीत चांगली आहे. व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरलें म्हणजे टायर सुमारें पाऊण भरतो व वर हवेस जागा राहते. पातें उचललें असतां पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणूं लागत नाहीं. यासाठीं पुढेंहि कांहीं वजन बांधावें.

जोडणी

हॅरी फर्ग्युसन यानें रूढ केलेली व १९३९ सालच्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरामुळें सर्वत्र पसरलेली तीन ठिकाणांची जोडणी, म्हणजे खालीं दोन लिंका व वर एक टॉप लिंक, ही पात्यास सर्वांत सोयीची. लहान बागेच्या ट्रॅक्टरांवर शून्य श्रेणीची जोडणी असते, तिच्या खालच्या पिना ५/८ इंच जाडीच्या असतात; पहिल्या श्रेणीच्या ७/८ इंच असतात. मोठ्या भोकांत बारीक पिन घालून काम भागवूं नये. अशी पिन खडखडून भोंक लांबट करते, आणि मग पातें एका बाजूस कलून रान तिरपें कापलें जातें. भोकांत योग्य मापाची बुशी बसवावी. जुन्या यंत्राच्या मागच्या पेटीवर, जेथें लिंका बसतात तेथें, चीर किंवा तेलाचा पाझर आहे कीं काय हें पुसून पाहावें. बाजूच्या साखळ्या अशा ताणाव्या कीं पातें टायरास घासूं नये.

पात्याची रुंदी ठरवितांना तें तिरपें केल्यावर किती झाडतें हें पाहावें. ४८ इंचांचें पातें ३० अंश तिरपें केलें म्हणजे सुमारें ४२ इंचच झाडतें, आणि ४५ अंश केलें म्हणजे ३४ इंच. ही रुंदी दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांहून कमी पडली तर एक चाक नेहमीं न झाडलेल्या मातीवर चढतें व काम सारखें होत नाहीं. तथापि फार रुंद पातें हलक्या यंत्रास ओढवत नाहीं.

टॉप लिंक हें पात्याचें खरें सुकाणूं होय. ती लांब केली कीं पात्याचा माथा मागें कलतो, धार पुढें येते व माती अधिक घेते. ती आंखूड केली कीं माथा पुढें येतो, धार मागें राहते व पातें नुसतें चोपडीत जातें. आरंभीं पातें जवळ जवळ उभें ठेवावें व एक-दोन फेरे मारून मग फरक करावा. बहुतेक हायड्रॉलिक लिफ्ट पातें केवळ उचलते. खालीं दाबीत नाहीं. म्हणून पातें माती घेईना तर त्यावर माणूस उभा करूं नये. माती अजून सैल झाली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

धार झिजल्यावर कित्येक लोक ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वेल्डिंगनें जोडतात. कमानीचें पोलाद वेल्डिंगच्या आंचेनें ठिसूळ होऊन जोडाशेजारीं तडकतें. भोंकें पाडून बोल्टांनीं तो पाटा बसवावा.

चालविण्याची रीत

जमीन वाफशावर असतांना काम करावें. ओली काळी माती पात्यास चिकटते व चाकांखालीं दडपून घट्ट होते. वाळलेलीचीं ढेकळें निघतात. पहिल्या गियरांत, मंद गतीनें, एका फेऱ्यांत इंचभराहून अधिक माती घेऊं नये.

नवशिक्याच्या हातून रान सपाट न होतां लाटालाटांचें होतें. कारण असें कीं, पुढचीं चाकें उंचवट्यावर चढलीं म्हणजे मागचें पातें खालीं दबून खणूं लागतें, आणि मागचीं चाकें चढलीं म्हणजे तेंच उचलून माती सोडून देतें. एकाच दिशेनें फेरे मारीत गेल्यास ही लाट वाढत जाते. उपाय हाच कीं, दुसरा फेरा पहिल्यास तिरपा व तिसरा त्यास आडवा असा मारावा.

पातें जमिनीवर असतां एकदम वळूं नये. खालच्या लिंका वांकतात. वळणापूर्वीं तें उचलावें. रोवलेलें पातें घेऊन ट्रॅक्टर मागें रेटूं नये. कांहीं पातीं उलटीं फिरवून माती मागें लोटतां येते, परंतु ती सैल ढिगापुरतीच.

वरची माती हीच दौलत

आतां मुख्य मुद्दा. आपल्या माळरानांत वरची सकस माती कित्येक ठिकाणीं वीतभरच असते आणि तिच्याखालीं मुरूम लागतो. सपाटीच्या हांवेनें उंचवट्यावरची ही माती खोलगट जागीं गेली व वर मुरूम उघडा पडला, तर त्या जागीं पुढें अनेक वर्षें पीक खुरटतें. शेत डोळ्यांस सपाट दिसतें, पण कणगींत धान्य कमी येतें. म्हणून काम करण्यापूर्वीं चार ठिकाणीं कुदळीनें खळगे खणून मातीची जाडी पाहावी. माती पातळ असेल तर वरचा थर आधीं ओढून बाजूस वरंब्यासारखा ठेवावा, खालचा भाग सारखा करावा, आणि तीच माती पुन्हां वर पसरावी.

कामाचा हिशेबहि आधीं करावा. एका गुंठ्याचें क्षेत्र १०८९ चौरस फूट. त्यावरून केवळ ३ इंच माती काढावयाची तर ती सुमारें २७२ घनफूट, म्हणजे पावणेतीन ब्रास होते. इतकी माती पुष्कळ गुंठ्यांवरून दूर नेणें हें लहान ट्रॅक्टराचें काम नव्हे. तें मोठ्या यंत्राचें किंवा लेसर लेव्हलरचें. आणि उताराचें रान सपाट करण्याचा नाद न धरतां समपातळीनें बांध घालावे, हेंच हिताचें.

जिवाची काळजी

जुन्या ट्रॅक्टरांवर उलटल्यास चालकाचें रक्षण करणारी लोखंडी चौकट बहुधा नसते. रुतलेलें पातें किंवा झाडाचें खोड काढण्यासाठीं साखळी मागच्या आंसास किंवा टॉप लिंकच्या जागीं कदापि अडकवूं नये. ओढ आंसाच्या वरून लागली आणि चाकें अडलीं कीं इंजिनाचा जोर ट्रॅक्टराचें पुढचें अंग उचलतो, आणि क्लच दाबण्यास सवड मिळण्यापूर्वींच यंत्र चालकावर पालथें पडतें. ओढ नेहमीं आंसाच्या खालीं असलेल्या ड्रॉबारावरूनच असावी. उतरण्यापूर्वीं पातें जमिनीवर टेकवावें. उचललेल्या पात्याखालीं हात घालूं नये. मुलांस मागें उभें राहूं देऊं नये.

तात्पर्य, थोडी माती, पुष्कळ फेरे, हीच या पात्याची रीत. बैलांस न झेपेल इतकें ओझें आपण कधीं लादलें नाहीं. जुन्या यंत्रास व वीतभर मातीस तीच दया दाखविली तर दोन्ही आपल्या मुलांच्या उपयोगीं पडतील.