पिवळे पट्टे आणि तुटक भोंगा
(लोकलची सुरक्षा : भाग ७)

आज दारांवर लिहायचं कबूल केलं होतं. पण फलाटाच्या उंचीवरचा मागचा लेख वाचून डोंबिवलीच्या एका वाचकांनी जो सवाल टाकला आहे, तो तसाच ठेवून पुढे जाववत नाही. ते म्हणतात, फट बुजवा, दारं लावा, फलाट उंच करा. पण डोक्यावर पूल असताना जो रुळांत उतरतो त्याला कोण वाचवणार? दंड दहापट करा, चारदोघांना आत टाका, बाकीचे आपोआप सुधारतील. विषय अस्थानी मुळीच नाही. उच्च न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २५९० माणसं दगावली आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास रूळ ओलांडताना गेली. तेव्हा दारं पुढच्या आठवड्यात.

दंडाचा उतारा मात्र जुनाच आहे. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ रुळांत घुसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. फलाटावर घोषणा दिवसभर चालू असतात. आणि गाडीखाली सापडलं की माणूस मरतो, हे रूळ ओलांडणाऱ्याला काही नव्याने सांगावं लागत नाही. समोर मरण दिसत असताना जो उतरतो, तो दंडाच्या पावतीला काय भिणार? तो उतरतो, कारण आपण सापडणार नाही असा त्याचा हिशेब असतो : गाडी लांब आहे, तेवढ्यात पलीकडे पोचतो. हा हिशेब चुकतो, आणि तो का चुकतो हे शोधणं उपदेशापेक्षा जास्त कामाचं आहे.

ताशी ८० किलोमीटरने येणारी लोकल एका सेकंदात २२ मीटर कापते. म्हणजे २०० मीटरवर दिसणारी गाडी नऊ सेकंदांत अंगावर येते, आणि त्याच क्षणी मोटरमनने ब्रेक लावला तरी तेवढ्या अंतरात ती थांबत नाही. माणसाला हे नऊ सेकंद जास्त वाटतात. मोठी वस्तू आहे त्यापेक्षा सावकाश येते आहे असा डोळ्यांचा समज होतो. विमान उतरताना कसं तरंगत आल्यासारखं दिसतं, तसंच. लायबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात १९८५ मध्ये हेच मांडलं होतं. त्यात गाडी सरळ आपल्याच दिशेने येत असली की ती जागा बदलताना दिसत नाही, फक्त हळूहळू मोठी होत जाते. वेग जोखायला डोळ्याला काही खूणच मिळत नाही.

ही खूण पुरवण्याचा प्रयोग हार्बर मार्गावरच्या वडाळ्याला २०१० च्या सुमारास झाला. माणसाच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या फायनलमाइल या मुंबईच्या संस्थेने रेल्वेसोबत तीन गोष्टी केल्या. लोक जिथे ओलांडतात तिथल्या स्लीपरवर ठरावीक अंतराने पिवळा रंग दिला. गाडी एकेक पट्टा गिळत पुढे आली की तिचा वेग नजरेला कळतो. दुसरी गोष्ट भोंग्याची. एकच लांबलचक भोंगा आसपासच्या कलकलाटात मुरून जातो. त्याऐवजी दोन छोटे, तुटक भोंगे, मध्ये क्षणभर शांतता. त्या खंडाने कान टवकारतात. तिसरी गोष्ट फलकाची. कलम आणि दंडाऐवजी त्यावर गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा, अगदी जवळून. त्यानंतरच्या महिन्यांत वडाळ्याला रूळ ओलांडतानाचे मृत्यू बरेच घटले.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. एका स्थानकाच्या काही महिन्यांच्या आकड्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य. रंग उडतो, चेहरा सवयीचा होतो, हेही खरं. पण म्हणून प्रयोग सोडून न देता रंग दर वर्षी द्यावा, फलक बदलावेत आणि दहा स्थानकांवर नीट मोजमाप करून पाहावं. दुसरा आक्षेप असा, की पट्टे मारणं म्हणजे ओलांडायला परवाना देणं. परवाना मागायला कोणी थांबलेलं नाही. शाळेसमोर गतिरोधक घातला म्हणून कोणी भरधाव गाडी हाकायची मुभा दिली असं आपण म्हणत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : चार डबे रंगात रेल्वेने आपली जबाबदारी झटकली तर? पट्टे हा पुलाला पर्याय नाही. वस्तीकडून बाजाराकडे जायची वाट जिथे रुळांना छेदते तिथे पूल हवा, भुयार हवं, सरकता जिना हवा आणि मग कुंपण हवं, क्रम हाच. आणि पूल पुरेसा रुंदही हवा. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवीच्या, पुलावर चेंगराचेंगरीत जी माणसं गेली, ती रुळांत उतरली नव्हती. नियम पाळून पुलावरूनच चालली होती. प्रवाशाकडून शिस्त मागायची असेल, तर आधी ती शिस्त पेलणारा पूल त्याला बांधून द्यावा लागेल.