विश्वास पाटील : ‘झाडाझडती’ नेमकी कोणाची?

विश्वास पाटलांवर बोलायचं म्हटलं की लोक ‘पानिपत’पासून सुरुवात करतात. साहजिक आहे. १९८८ साली ती कादंबरी आली तेव्हा लेखक तिशीच्या आतला होता, जन्म १९५९चा. पुढे ‘महानायक’, ‘संभाजी’ आल्या. २०२५ मध्ये साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. हे तुम्हाला ठाऊक आहे. मला आज बोलायचंय ते १९९१च्या ‘झाडाझडती’वर. साहित्य अकादमीचा पुरस्कार हिलाच मिळाला, १९९२ साली. तरी ती ‘पानिपत’च्या सावलीत राहिली.

विषय धरणग्रस्तांचा. कादंबरीतलं धरण म्हणजेच कोयना, असं समजू नका. पण आपल्या भागातल्या माणसाला कोयना आठवणारच. साठच्या दशकात शिवसागर भरला, पाटण-जावळीतली गावं पाण्याखाली गेली, माणसं सोलापूर, ठाणे, रायगड, आपल्या सांगलीपर्यंत पांगली. पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. म्हणजे पाणी आधी, कायदा मागून!

कॉलेजात मी बेंथॅम शिकवत असे. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हे त्याचं सूत्र. एकदा मागच्या बाकावरचा, धरणग्रस्त घरातला एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, बेरीज कळली. पण त्यात आमचं गाव वजा झालं, ते कुठं मांडायचं?" मी मिलचं नाव घेऊन वेळ मारून नेली. मुलगा खाली बसला. त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

पाटील या प्रश्नाला सिद्धांतानं उत्तर देत नाहीत. ते वजा झालेल्या माणसांना नावं देतात, घरं देतात, भांडणं देतात. लेखक स्वतः महसूल खात्यातला अधिकारी होता. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा सरकतो, कुठं अडतो, कशानं पुन्हा सुटतो, हे त्यांना आतून माहीत. नावच बघा ना. झाडाझडती सरकार घेतं, संशयिताची. इथं ती उलटी फिरते.

एकच खलनायक असता तर आपण सुटलो असतो. पण पुढारी, दलाल, कारकून यांच्याबरोबर लाभक्षेत्रातला शेतकरीही आहे. त्याला पाणी हवंय, पण विस्थापिताला आपल्या शिवारातली जमीन द्यायला नको. आता टेंभूचं पाणी आटपाडीपर्यंत चढवलं जातं. त्या कृष्णेत कोयनेचं पाणी आहेच की. इथं ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण, मी धरून, लाभक्षेत्रातलेच.

दोष आहेत. कादंबरी लांबते, काही पात्रं बोलता बोलता भाषणावर येतात. पहिल्या वाचनात मी ती पानं चाळून पुढं गेलो होतो. दुसऱ्यांदा नाही गेलो. ज्यांचं कोणी ऐकत नाही ती माणसं संधी मिळाली की लांबच बोलतात, हे तेव्हा लक्षात आलं.

सरकारी नोकरीत राहून असं लिहिणं दुटप्पी नाही का, असं एका श्रोत्यानं विचारलंय. मला तसं वाटत नाही. बाहेरच्याला अन्याय दिसतो. फाइल कुठल्या शेऱ्यावर अडली, हे आतलाच सांगू शकतो.

पुढच्या वेळी माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घेऊ. लहान पुस्तक आहे, वाचून या.